खडीच्या ओल्या रस्त्यावर हॅचबॅकची मागची काचच का बरबटते, आणि त्यावर काय करता येतं

दर पावसाळ्यात हा विषय कोणीतरी काढतंच म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. हॅचबॅकवाल्यांची, म्हणजे मागची काच डिकीच्या दारातच असलेल्या गाडीवाल्यांची, तक्रार अशी असते की पुढची काच स्वच्छ, बाजूच्या काचा बऱ्यापैकी, आणि मागची काच मात्र डांबर सोडून गावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अशी लिंपून निघते की आतल्या आरशात काही म्हणजे काही दिसत नाही. वरून पाऊस धो धो चालू असतो तरी. आणि त्याच रस्त्याने पाठोपाठ आलेली सेडान, म्हणजे काचेमागे वेगळी डिकी असलेली गाडी, शेजारी उभी राहते तर तिची मागची काच बऱ्यापैकी आरपार दिसत असते. मग कोणी म्हणतं मडफ्लॅप (चाकामागचे चिखल अडवणारे पडदे) गेलेत, कोणी म्हणतं तू रफ चालवतोस, कोणी म्हणतं मागून डंपर येतात ते उडवतात. गॅरेजात विचारलं तर मिस्त्री हात पुसत सांगतो, "साहेब, हॅचबॅक घेतलीत ना, मग हे होणारच". मिस्त्रीचं बरोबर आहे, फक्त तो कारण सांगत नाही आणि "होणारच" म्हणून सोडून देतो. होणारच हे खरं, पण किती होणार ते बरंच आपल्या हातात असतं.

मी राजापूर-लांजा पट्ट्यातल्या रस्त्यांवरून लिहितोय. इथे हायवे सोडला की खडीकरण झालेला पण डांबर न पडलेला रस्ता, खड्डे बुजवायला टाकलेली जांभ्याची माती, आणि चिरेखाणीकडून भरून येणारे ट्रक, त्यामुळे रस्त्यावर पाणी नसतंच, लाल रबडा असतो. पण देशावर मुरमाचा रस्ता असेल, हायवेच्या कामाचं डायव्हर्जन असेल नाहीतर गोव्यात खाणीच्या बाजूचा रस्ता, प्रकार तोच, रंग फक्त बदलतो.

आधी एक साधी तपासणी करा कारण निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम वेगळाच निघतो. गाडी थांबवून मागच्या काचेवर आतून बोट फिरवा. बोटाची रेघ उमटली तर ती वाफ आहे, आतली, त्याला डिफॉगर (मागची काच तापवणाऱ्या बारीक तारा) नाहीतर एसी लावला की काम झालं, पुढचं वाचायची गरज नाही. आतून काही नाही आणि बाहेरून बोट ओलं आणि खरखरीत येतंय तर हाच तो चिखल. आणि बाहेरून धुतली, पुसली, तरी रात्री मागच्या गाडीच्या लाइटमध्ये काच तेलकट चरचरीत दिसते असं असेल तर तो रस्त्यावरच्या डिझेल-ऑइलचा आणि सायलेन्सरच्या काजळीचा थर, तो नुसत्या पाण्याने जात नाही, एकदा कार शांपूने नीट घासायला लागतो. डिफॉगर बाहेरच्या चिखलावर लावू नका बरं का, पाणी उडून जातं आणि माती काचेवर भाजून निघते, मग ती जास्त चिवट होते.

आता कारण. पहिली गोष्ट, ही घाण मागून येणाऱ्या गाड्यांची नाही आणि वरून पडणारी पण नाही. ती तुमच्याच मागच्या दोन टायरांची आहे. खात्री करायची असेल तर सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर, पुढेमागे कोणी नसताना जाऊन बघा, काच तेवढीच भरते.

पण टायर खाली, काच वर, आणि मध्ये बंपर आणि डिकीचं अख्खं दार. मग चिखल वर चढतो कसा? तर तो उडून चढत नाही, त्याला हवा वर घेऊन जाते. पावसाळ्यात पुलावर उभं राहून खाली खांबाकडे बघितलं असेल तर पाणी खांबाच्या दोन्ही बाजूने जोरात जातं पण खांबाच्या मागे लगेच ते पुढे जात नाही, तिथे भोवरा होतो आणि पालापाचोळा तिथल्या तिथे गोल फिरत राहतो, कधीकधी उलटा खांबाकडे येतो. हॅचबॅकच्या मागे हवेचं अगदी हेच होतं. छपरावरून आलेली हवा छप्पर जिथे संपतं तिथे काचेला धरून खाली वळू शकत नाही, सरळ मागे निघून जाते. गाडीखालून आलेली हवा बंपरच्या खालून सुटते. या दोन्हींच्या मधे, गाडीच्या पाठीला चिकटून, कमी दाबाचा एक खिसा तयार होतो आणि त्यात हवा गोल फिरते, वरचा भोवरा एका दिशेने आणि खालचा उलट दिशेने. खालचा भोवरा टायरजवळची सगळी ओली हवा उचलतो, मधे आणून सोडतो, आणि मधली हवा उलटी फिरून गाडीच्या पाठीवर येऊन आपटते. काच, नंबर प्लेट, कॅमेरा, टेललाइट, सगळ्यावर.

विश्वास बसत नसेल तर करून बघा, खर्च काही नाही. घरातल्या लोकरीचे वीतभर धागे कापा आणि सेलोटेपने मागच्या काचेवर ओळीत चिकटवा, वरच्या टोकाला टेप, खालचं टोक मोकळं. कोरड्या दिवशी, कोरड्या रस्त्यावर. कोणालातरी मागच्या सीटवर बसवून मोबाइलवर शूट करायला सांगा. पन्नासच्या स्पीडला सेडानच्या काचेवर असे धागे बऱ्यापैकी मागच्या बाजूला ताणलेले दिसतात. हॅचबॅकवर ते काचेवरच लोळत असतात, थरथरतात, आणि बरेचदा टोक वरच्या बाजूला, छपराकडे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या उलट. त्या धाग्यांची दिशा म्हणजे चिखलाचा रस्ता. मला हे पहिल्यांदा बघताना फार मजा वाटली होती, आधी वाटलं टेपच सुटला.

मग सेडानला का नाही होत? होतं, पण काचेवर नाही, डिकीच्या मागच्या उभ्या पत्र्यावर आणि बंपरवर होतं. स्विफ्ट आणि डिझायर घ्या, सख्ख्या बहिणी, पण डिझायरमध्ये काचेचा उतार कमी आणि त्याच्यापुढे डिकीचं झाकण. हवा काचेवरून बऱ्यापैकी धरून येते नाहीतर सुटली तरी डिकीच्या झाकणावर परत टेकते, आणि तो घाणेरडा खिसा झाकणाच्या मागे, खाली राहतो. म्हणून स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला मागे वायपर दिलाय आणि डिझायरला देत नाहीत. कंजूसपणा नाही तो.

उताराचा हा हिशोब लोकांनी फार आधी मोजून ठेवलाय. सत्तरच्या दशकात पहिल्या फोक्सवॅगन गोल्फच्या वेळी आणि मग १९८४ साली जर्मनीत अहमद नावाच्या इंजिनिअरने सहकाऱ्यांबरोबर एका साध्या ठोकळ्यावर विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडलेल्या बोगद्यात; त्या ठोकळ्याला आजही सगळे अहमद बॉडी म्हणतात. मागचा उतार आडव्यापासून साधारण ३० अंशांपर्यंत असेल तर हवा उतरणीला धरून राहते, त्याच्या वर गेला की सुटते ती सुटतेच. आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकची काच त्या ३० च्या कितीतरी वर, वॅगनआर सारख्या उंच गाडीची तर जवळपास उभीच. उलट ऑक्टाव्हियासारखी गाडी काचेसकट डिकी उघडते म्हणून दाराच्या हिशोबाने हॅचबॅकच, पण उतार सेडानचा, त्यामुळे तिची काच त्या मानाने बरी राहते. म्हणजे दोष डिकीच्या दाराचा नाही, पाठीच्या आकाराचा आहे. एसटीची पाठ आठवा. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एसटीच्या मागे पोरं बोटाने नावं लिहायची ती याच खिशाच्या कृपेने, आणि शेवटच्या सीटवाल्याच्या डोक्यावर धूळ बसायची तीही.

यातच पुढच्या प्रश्नाचं उत्तर आहे की एवढ्या पावसात काच आपोआप धुऊन का निघत नाही. कारण गाडी चालू असताना मागच्या काचेवर पाऊस पडतच नाही. पावसाचा मध्यम-मोठा थेंब सेकंदाला साधारण ७ मीटरने खाली येतो. गाडी ताशी ६० ने चालली तर ती सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर पुढे जाते. गाडीच्या नजरेने बघितलं तर पाऊस वरून नाही, समोरून येतोय, जमिनीशी जेमतेम २३ अंशांचा कोन करून. एवढ्या तिरक्या पावसाला हॅचबॅकची उभी काच दिसतच नाही, छप्पर आडवं येतं. सिग्नलला नाहीतर फाटकाला थांबलात की मग पाऊस काचेवर पडायला लागतो आणि ओघळ दिसतात. म्हणून दोन-तीन मिनिटं पावसात उभी केलेली गाडी अर्धा तास चाललेल्या गाडीपेक्षा स्वच्छ असते. काही जण म्हणतात जोराचा पाऊस आला की धुऊन निघेल, निघत नाही, थांबलात तर निघेल.

आणि खडीचाच रस्ता का, डांबरावर पण पाणी उडतंच की. उडतं, पण त्यात माती नसते म्हणून थेंब बसले तरी काच दिसत राहते. खडीच्या रस्त्यावर दगडांच्या मधे जो बारीक गाळ असतो, दगडचुरा म्हणा, मुरूम म्हणा, आमच्याकडे जांभ्याची माती, तो पाण्यात कालवला जातो आणि टायरच्या नक्षीत भरतो. खडी स्वतः काचेपर्यंत येत नाही, ती जड, ती मडगार्डच्या आत खडखड आपटते आणि खाली पडते. वर जातात ते एकदम बारीक थेंब. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटरने पडतो, त्याला हवा उचलू शकत नाही. ०.१ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला जेमतेम २५-३० सेंटिमीटर पडतो, म्हणजे तो जवळजवळ तरंगतोच, हवा नेईल तिकडे जातो. असे लाखो थेंब काचेवर बसतात, पाणी ओघळून नाहीतर वाळून जातं आणि माती राहते. जांभ्याची माती तर इतकी बारीक आणि त्यात लोहाचा अंश, की पांढऱ्या गाडीच्या डिकीवर, प्लास्टिकच्या कडांवर तांबूस डाग महिनोन्महिने राहतात. म्हणूनच सगळ्यात वाईट दिवस मुसळधारेचा नसतो, रिमझिम पावसाचा असतो. मुसळधारेत रस्त्यावरचं पाणी पातळ आणि गाळ वाहून जातो, रिमझिमीत तो घट्ट रबडा राहतो.

ठीक, आता उपाय. सगळ्यात फुकटचा आणि सगळ्यात जास्त उपयोगाचा म्हणजे वेग. ऐकायला कंटाळवाणं आहे पण आकडे बघा. १७५/६५ आर १४ हा टायर, बऱ्याच हॅचबॅकना असतो, त्याची त्रिज्या साधारण २९ सेंटिमीटर. ताशी ६० ला टायरच्या नक्षीला चिकटलेल्या चिखलाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ शंभर पट असतो. ३० ला तोच जोर पंचवीसेक पट. वेग निम्मा, जोर चौथाई. आणि मागच्या त्या कमी दाबाच्या खिशाचंही गणित तसंच, वेगाच्या वर्गाने. शिवाय जोर जास्त तितके थेंब बारीक फुटतात आणि बारीक थेंबच आपले शत्रू. त्यामुळे डांबर संपून खडी सुरू झाली की तिथल्या तिथे ३०-३५ वर आलात तर काच निदान घरापर्यंत दिसत राहते. तसंही त्या रस्त्यावर त्याच्यावर जायचं म्हणजे सस्पेन्शनला आमंत्रण.

मडफ्लॅप. लोक समजतात मडफ्लॅप लावला की झालं, किंवा उलट, लावून फरक पडला नाही म्हणून शिव्या देतात. मागचे मडफ्लॅप नसतील तर लावा, नक्की लावा, बऱ्याच गाड्यांना ते ॲक्सेसरी म्हणून वेगळे घ्यावे लागतात आणि शोरूममध्ये पुढचेच लावून देतात असंही बघितलंय. पण दोन गोष्टी बघायच्या. एक, रुंदी. फ्लॅप टायरपेक्षा अरुंद असेल तर आतल्या बाजूने, म्हणजे गाडीच्या पोटाकडून, फवारा तसाच सुटतो आणि नेमका तोच मधल्या खिशात जातो. मागे गुडघ्यावर बसून बघा, टायरची आतली कड फ्लॅपच्या बाहेर दिसते का. दुसरं, उंची. चिखल टायरला चिकटून वर येतो आणि जमीन सोडल्यावर लगेच सुटायला लागतो, त्यामुळे फ्लॅप जितका खाली तितका चांगला, पण फार खाली केला की रिव्हर्स घेताना दगडाला अडकून टायर आणि दगडाच्या मधे येतो आणि स्क्रूसकट उपटून निघतो. गाडीत माणसं आणि सामान भरलेलं असताना जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर राहिलं की पुरे, रिकाम्या गाडीत मोजू नका. आणि कडक प्लास्टिकपेक्षा लवणारं रबर घ्या.

फ्लॅपने मोठे थेंब आणि रबडा अडतो. बारीक धुकं अडत नाही, ते फ्लॅपला वळसा घालून येतं. म्हणजे काचेवरचे जाड शिंतोडे जातील, पातळ थर राहील. एवढीच अपेक्षा ठेवा म्हणजे निराशा होणार नाही.

फ्लॅप बघायला बसलाच आहात तर मडगार्डच्या आतलं लायनर, म्हणजे चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर, पण बघा. बऱ्याच स्वस्त गाड्यांत मागच्या चाकावर अर्धंच लायनर असतं नाहीतर नसतंच. असलेलं लायनर क्लिपा तुटून लोंबत असेल तर बंपरच्या आतल्या पोकळीत चिखल भरत जातो. बंपरच्या मागे हात घालून बघा एकदा, पावसाळ्याच्या शेवटी तिथून ढेकळं निघतात. वॉशिंगवाल्याला वरून फोम मारण्याआधी पाइप खालून बंपरच्या आत मारायला सांगा, नाहीतर गाडी धुऊन आणल्यावर दुसऱ्या दिवशी तिथूनच लाल पाणी टपकत राहतं.

स्पॉयलर लावला की काच स्वच्छ राहते असं ॲक्सेसरीवाले सांगतात. छपराच्या टोकाला चिकटवलेला बिनफटीचा स्पॉयलर म्हणजे छप्पर थोडं लांब केलं, हवा तरीही मागे सुटणार आणि खिसाही राहणार, फक्त थोडा मागे सरकतो. काही गाड्यांना थोडा फरक पडतो, काहींना काहीच नाही. काचेवर हवा खाली मारायची असेल तर पट्टी आणि छप्पर यांच्या मधे फट पाहिजे, त्या फटीतून हवा वळून काचेवरून खाली जाते. अमेरिकेत जुन्या स्टेशन वॅगनच्या छपराला मागे अशी आडवी पट्टी असायची, ती शोभेसाठी नव्हती. त्याची किंमत म्हणजे हवेचा अडथळा वाढतो, आवाज येतो, आणि काच स्वच्छ राहिली तरी खालचं दार आणि लाइट घाणच राहतात. आपल्या बाजारात जे मिळतं त्यात बहुतेक दिखाऊ माल, दुतर्फा टेपवर चिकटवलेला, खडीच्या रस्त्यावर दोन पावसाळे काढत नाही. माझं मत, पैसे वाचवा.

मग राहिला वायपर आणि वॉशर, आणि इथे सगळ्यात जास्त गाड्या फेल असतात कारण आठ महिने कोणी त्याला हात लावत नाही. मिरगाच्या आधी एकदा चालवून बघायचं, एवढीच सवय लावली तरी पुरे.

पुढचं पाणी उडतंय आणि मागचं नाही, ही कॉमन तक्रार. बऱ्याच गाड्यांत टाकी एकच असते, पुढे बॉनेटखाली, आणि मागच्या वॉशरचं पाणी एका बारीक नळीतून अख्ख्या गाडीच्या लांबीभर प्रवास करून छपराच्या कडेने डिकीच्या दारात येतं. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि मागच्या वॉशरचा दांडा दाबा, कोणालातरी बॉनेटपाशी कान देऊन उभं करा. मोटरचा गुणगुण आवाज आला पण पाणी नाही, तर नोझल (पाणी उडवणारं बारीक तोंड) तुंबलाय नाहीतर नळी कुठेतरी सुटलीय. आवाजच नाही तर फ्यूज, स्विच नाहीतर मोटर, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

नोझल बहुतेक वेळा स्पॉयलरखाली किंवा वायपरच्या दांड्याच्या बुडाशी असतो आणि त्याच्या तोंडाशी तोच गाळ वाळून बसलेला असतो. बारीक सुई घ्या, शिवणाची, टाचणी जाड पडते. सुई आत ढकलू नका, तोंडावरचा गाळ उकरून काढा, आणि मग सुई काढलेल्या शिरिंजने बाहेरून पाण्याचा एक दणका द्या. बरेचदा एवढ्याने सुटतं. पाणी आलं पण भलतीकडे उडतंय तर नोझलच्या आतली बारीक गोळी सुईनेच फिरवता येते, काचेच्या वरच्या एकतृतीयांशात मारा म्हणजे ओघळून खाली येतं.

नोझल साफ आहे तरी पाणी नाही तर दाबत बसू नका, थांबा. डिकी उघडा आणि छप्पर आणि दार यांच्या मधे जी नागमोडी रबरी नळी दिसते, ज्यातून वायरी जातात, ती एका बाजूने सोडवून बघा, वॉशरच्या नळीचा जोड बरेचदा तिथेच असतो आणि डिकी हजारदा उघड-बंद होऊन तो निसटतो. तसं झालं असेल तर तुम्ही दांडा दाबला की पाणी काचेवर नाही, छपराच्या आतल्या कापडात जातं. मागच्या बाजूला छताचं कापड ओलसर लागतंय, कुबट वास येतोय, किंवा ब्रेक मारला की मागच्या सीटवरच्याच्या मानेवर थेंब पडतो, असलं काही असेल तर छप्पर गळतंय म्हणून सीलंटवाल्याकडे धावण्याआधी हा जोड बघा.

टाकीत पाणी स्वच्छ भरा. वाटेत ओढ्याचं बाटलीभर भरलं की तोच गाळ नोझलमध्ये. कपड्याची पावडर टाकू नका, ती तळाशी साचते. दोन थेंब कार शांपू चालतो.

वायपरचं रबर. मागचं रबर वापर नसल्याने झिजत नाही, उन्हाने कडक होतं. नखाने वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला, छोटं असतं, महाग नाही. दांडाच जाम झाला असेल, म्हणजे मोटर आवाज करते पण हात हलत नाही, तर बुडाशी पाणी जाऊन गंज धरलेला असतो, तिथे जबरदस्ती केली तर मोटर जळते, मिस्त्रीकडे न्या. आणि एक नियम पाळा, सुक्या चिखलावर वायपर कधीच फिरवायचा नाही. आधी पाणी, दोन सेकंद थांबा, मग वायपर. त्या मातीत दगडचुऱ्याचे कण असतात आणि एकदा का कमानीच्या आकाराचे ओरखडे काचेवर पडले की ते आयुष्यभर, रात्री मागच्या गाडीचा लाइट पडला की दिसतच राहतात. सतत चालू ठेवण्यापेक्षा अधूनमधून पाणी मारून दोन फेरे, एवढंच.

ज्यांच्या व्हेरियंटला वायपरच नाही त्यांचं काय? बाहेरून बसवून घेता येतो, कुर्ल्याला सीएसटी रोडला वरच्या व्हेरियंटचे सुटे पार्ट मिळतात वगैरे सगळं खरं, पण त्यासाठी दाराच्या पत्र्याला किंवा काचेला भोक लागतं आणि काच टफन्ड असल्याने तिला नंतर भोक पाडता येत नाही, फुटते. तुमच्या मॉडेलमध्ये वायपर पत्र्यातून बाहेर येतो का काचेतून, ते आधी बघा. पत्र्यातून येत असेल आणि चांगला माणूस असेल तर विचार करा, काचेतून येत असेल तर काच बदलण्याचा खर्च धरा आणि सोडून द्या. त्यापेक्षा एक लिटरची बाटली, झाकणाला चार भोकं, आणि खिडक्या पुसायचा छोटा रबरी वायपर डिकीत ठेवा. वरून पाणी सोडायचं, माती ओघळून गेली की मग वरून खाली एक हात. फडक्याने घासत बसू नका, गणपतीला गावी जाताना पेट्रोल पंपावर बघा, निम्मे लोक सुक्या फडक्याने काचेला पॉलिश पेपर मारत असतात.

पाणी न धरणारं कोटिंग मागच्या काचेवर मारू का, हा प्रश्न नेहमीचा. पुढच्या काचेवर ते भारी चालतं कारण वाऱ्याने थेंब पळतात. मागच्या काचेवर वारा त्या खिशातला, दुबळा आणि उलटसुलट, त्यामुळे थेंब गोळा होतात पण पळत नाहीत, तिथेच वाळतात आणि काच ठिपक्याठिपक्यांची होते. फायदा एकच, नंतर बाटलीभर पाण्यात सगळं पटकन निघतं. वायपर नसलेल्यांनी मारावं, वायपर असलेल्यांना फारसा उपयोग नाही.

काचेच्या नादात एक गोष्ट राहून जाते आणि ती काचेपेक्षा महत्त्वाची आहे. तोच चिखल टेललाइटवर, रिफ्लेक्टरवर आणि नंबर प्लेटवर पण बसतो. काच घाण असेल तर तुम्हाला मागचा दिसत नाही, निदान बाहेरचे दोन आरसे आहेत. लाइट घाण असेल तर मागच्याला तुम्ही दिसत नाही, आणि त्याला तर काहीच पर्याय नाही. ज्या गाड्यांत तिसरा ब्रेक लाइट काचेच्या आत असतो तिथे तोही चिखलामागे जातो. हायवेला लागायच्या आधी गाडी बाजूला घ्या आणि बाटली आधी लाइटवर रिकामी करा, मग उरली तर काचेवर. कॅमेऱ्याला बोटाने पुसू नका, लेन्स प्लास्टिकची असते, पाण्याने धुवा.

अजून एक, डिकी अर्धवट उघडी ठेवून, दोरीने बांधून सामान नेताना ही गोष्ट लक्षात ठेवा की त्याच खिशात सायलेन्सरचा धूर पण फिरत असतो. डिकी उघडी म्हणजे तो धूर सरळ आत, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. अगदीच न्यायचं असेल तर डिकी कमीत कमी उघडी, ब्लोअर फुल आणि हवा बाहेरून घेणारी. डिकी नीट बंद असूनही आत माती येत असेल तर दाराचं रबर बघा, कडेने कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, सहज निघाली त्या जागी रबर दबून गेलंय. तोपर्यंत कच्च्या रस्त्यावर एसी रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवणं) न ठेवता बाहेरच्या हवेवर ठेवा आणि ब्लोअर एक-दोन वर, आत दाब थोडा जास्त राहतो आणि माती आत ओढली जात नाही. धुळीच्या दिवसांत पण हाच उपाय चालतो.

शेवटचं, घाणीचा आकार बघायला शिका. काच डावी-उजवीकडे सारखी भरलेली आणि खाली दाट, वर विरळ, म्हणजे नॉर्मल, वर लिहिलंय तेच. पण काचेची एकच बाजू जास्त भरतेय, त्याच बाजूचा टेललाइट पण, तर त्या बाजूचा फ्लॅप गेलाय, लायनर लोंबतंय नाहीतर कोपऱ्यात कुठे मार लागून बंपरची खालची कड वाकलीय. जाड गोळे, शिंतोड्यासारखे, काचेपर्यंत येतायत तर फ्लॅप नाहीच किंवा फार वर आहे. आणि काचेच्या फक्त वरच्या कडेला, स्पॉयलरखाली काळपट ओघळ येत असतील तर तो चिखल नव्हेच, नोझलच्या नाहीतर वरच्या ब्रेक लाइटच्या रबरातून पाणी झिरपतंय, तिकडे बघा.